जोडीबाईंची चुकलेली जोडी

जोडीबाईंच्या घरात एकटी वस्तू टिकत नाही. एक मोजा हरवला की उरलेल्याला त्या एका दिवसाची मुदत देतात. तेवढ्यात जोडीदार सापडला तर ठीक, नाहीतर त्याचं फडकं होतं. डबा नसलेलं झाकण आणि झाकण नसलेला डबा, दोन्ही त्यांच्या डोळ्यांत सारखेच खुपतात. नवरा बस चालवतो. त्याचं म्हणणं असं, की बाईंनी त्याच्याशी लग्न केलं ते जीव जडला म्हणून नाही, तो एकटा उभा दिसला म्हणून. हा विनोद तो अठ्ठावीस वर्षं करतो आहे आणि बाई सत्तावीस वर्षं त्यावर हसलेल्या नाहीत.

नाव मात्र घरचं नाही, इस्पितळातलं. बाळंतपणाचं ते इस्पितळ. तळमजल्यावर मागच्या अंगाला एक लांबट खोली, तिला सगळे वाफखोली म्हणतात. एका खिडकीतून वापरलेली हत्यारं आत येतात, धुतली जातात, पुसली जातात, कापडात बांधली जातात, वाफेच्या यंत्रात भाजून निघतात आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातात. उन्हाळा असो की हिवाळा, आत कपाळाचा घाम पुसायला बाही लागतेच. जोडीबाई तिथे बावीस वर्षं. कुठली कात्री कुठल्या संचातली, कुठल्या चिमट्याचा दात किंचित झिजलाय, हे त्या हातात घेताक्षणी सांगत. कोणी यादी बघून खात्री करायला लागलं की म्हणत, "यादी कशाला? हे डोळे काय शोभेला आहेत?"

डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान. बावन्नाव्या वर्षीही चष्मा नाही. बरोबरीच्या बायका वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत, तेव्हा जोडीबाई मुद्दाम त्यांच्या खांद्यावरून वाकून बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवत. खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात त्याही ते अर्धं अंदाजानंच वाचत होत्या. पण हे सांगतं कोण, आणि कुणाला?

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे नवजात मुलांची सुंता होई. ज्या घरांना हवी असे ती घरं आईबाळ घरी जायच्या आधीच करून घेत. करायचे म्हातारे डॉक्टर. तीस वर्षांचा हात, पंधरा मिनिटांचं काम, बाळ रडून झोपी जायच्या आत संपलेलं. त्यासाठी एक छोटा क्लॅम्प असतो. त्याचे चार भाग. एक भोक असलेली जाड पट्टी, एक पोकळ घंटी, एक आडवा दांडा आणि एक फिरकी. घंटी कातडीच्या आत, शिश्नाच्या टोकावर बसते, म्हणजे टोक झाकलेलं राहतं. तिची मान पट्टीच्या भोकातून वर येते. फिरकी आवळली की घंटीची कड आणि भोकाची कड यांच्यामध्ये कातडी घट्ट दाबली जाते, रक्त थांबतं, आणि मग वरून सुरी फिरते. इस्पितळात असे तीन क्लॅम्प होते, लहान, मधला आणि मोठा. एकाच्या भोकात आणि दुसऱ्याच्या भोकात फरक केवढा, तर दीड-दोन मिलिमीटर. म्हणून नियम असा, की तीन क्लॅम्पच्या तीन वाट्या. धुताना, पुसताना, बांधताना एकाचा भाग दुसऱ्याच्या वाटीत जाता कामा नये. हा नियम केला होता जोडीबाईंनीच.

मोडलाही त्यांनीच. त्या आठवड्यात वाफखोलीत धुण्याचं नवं यंत्र आलं. पाण्यात थरथर निर्माण करून ते हत्यारांच्या कानाकोपऱ्यातला मळ काढायचं. बाईंना यंत्र आवडलं, पण त्याबरोबर जाळीची टोपली आली ती एकच. सोमवारी काम साचलेलं. तीन वाट्या तीन वेळा कोण लावत बसतंय, म्हणून त्यांनी बाराही भाग एकाच टोपलीत ओतले. यंत्र थरथरलं, भाग चकचकीत होऊन निघाले, आणि बाईंनी टेबलावर पसरून नजरेनंच त्यांच्या जोड्या लावल्या. तीन पुडकी बांधली. वाफ दिली. मंगळवारी सकाळी मधलं पुडकं वर गेलं.

वर काय झालं ते त्यांना खिडकीतूनच कळलं. एरवी रमतगमत येणारी सिस्टर धावत आली, टाक्यांचं सामान मागितलं, दोन मिनिटांत परत आली, आणखी मागितलं. एका बाळाला नको तिथे कापलं गेलं होतं. रक्त थांबायला अर्धा तास लागला. संध्याकाळी वापरलेलं ते पुडकं खाली आलं. बाईंनी क्लॅम्प पाण्याखाली धरला, घंटी पट्टीच्या भोकात घातली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घंटी भोकात हलत होती. चांगली खुळखुळत होती. पट्टी मोठ्या क्लॅम्पची होती आणि घंटी मधल्याची.

म्हणजे फिरकी आवळूनही कातडी नीट दाबली गेलीच नव्हती. घंटी वर ओढली गेली, आणि तिच्याबरोबर जे वर यायला नको तेही आलं. सुरीला काय कळणार?

इथे जोडीबाईंनी जे केलं ते सांगायला त्यांना आजही जड जातं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. मोठं पुडकं उघडून त्यांनी भाग बदलले, योग्य घंटी योग्य पट्टीत बसवली आणि दोन्ही पुडकी पुन्हा बांधली. आता जगातल्या कुणालाही काही कळणार नव्हतं.

नऊ दिवस त्या गप्प राहिल्या. चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांचं झालं. खिडकीवर कोणी टकटक केलं की हातातली कात्री खाली पडे. आणि बातम्या थांबत नव्हत्या. सूज उतरली तशी बाळाची शू दोन ठिकाणांहून येऊ लागली. टोकावरच्या वाटेनं थोडी, आणि खालच्या बाजूला नव्यानं पडलेल्या भोकातून बाकीची. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सुरी खाली ठेवली. "हात थरथरला असणार," ते सगळ्यांना सांगत. "साठी उलटली. मला कळायला हवं होतं." शुक्रवार गेला, मंगळवार गेला, ते आपल्या खोलीत नुसते बसून राहिले. आणि बाळाच्या आईबद्दल सिस्टर म्हणाली, ती स्वतःलाच दोष देतेय. नवरा जहाजावर कामाला. तो म्हणत होता, मी येईपर्यंत थांब. तिला वाटलं, एकदाचं उरकून टाकू. आता तो फोनवर एकच वाक्य म्हणतो, "थांबली असतीस तर."

म्हणजे एका चुकीचं ओझं दोन माणसं वाहत होती, आणि जिची चूक ती कात्र्या पुसत होती.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "सांगितलंस तर नोकरी जाईल. नाही सांगितलंस तर झोप गेलीच आहे. मी बापडा पहाटे उठून बस काढतो, मला शेजारी झोपणारी बायको लागते. तूच ठरव."

दहाव्या दिवशी जोडीबाईंनी मोठी पट्टी आणि मधली घंटी रुमालात बांधली आणि म्हाताऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "साहेब, त्या दिवशी हे असं वर आलं होतं. मी लावलेलं. नंतर मीच गुपचूप बदललं."

डॉक्टरांनी घंटी भोकात घातली. हलवून पाहिली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एवढा आनंद पसरला, की बाईंना तो बघवेना. डॉक्टरांनी उजवा हात टेबलावर समोर धरला. हात दगडासारखा स्थिर होता. मग त्यांना स्वतःच्याच आनंदाची लाज वाटली असावी, कारण त्यांनी हात मागे घेतला आणि चष्मा पुसायला काढला.

"बाई, तुम्ही चुकीची जोडी दिलीत," ते म्हणाले. "पण आवळायच्या आधी घंटी बसवून बघायची, हे माझं काम. तीस वर्षं तुमची जोडी कधी चुकली नाही, म्हणून मी बघणं सोडलं होतं. तेव्हा अर्धी माझी."

"बावीस वर्षं," जोडीबाई म्हणाल्या. मोजणीतली चूक त्यांना अशा वेळीही खपत नाही.

डॉक्टरांनी वर कळवलं. वरच्यांनी बाईंना उभं केलं, झाडलं, आणि धुणंखोलीत चादरी मोजायला पाठवलं. शिवाय बजावलं, की घरच्यांशी इस्पितळ काय ते बोलेल, आपण होऊन कोणी तोंड उघडायचं नाही. बाईंनी मान डोलावली आणि रविवारी सकाळी बाळाच्या घरी गेल्या.

तिसरा मजला, अरुंद जिना, दाराबाहेर वाळत घातलेले लंगोट. बाळाची आई शाळेत गणित शिकवायची. खांद्यावर बाळ, डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. तिला वाटलं इस्पितळातून कागद घेऊन कोणी आलंय.

"कागद नाही," जोडीबाई म्हणाल्या. "त्या क्लॅम्पचे भाग मी जुळवले होते. चुकीचे जुळवले. एकाची पट्टी, दुसऱ्याची घंटी. म्हणून कापलं गेलं."

बाळाची आई त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे... मी घाई केली म्हणून नाही?"

"नाही."

"नवरा येईपर्यंत थांबले असते तर?"

"तर त्या मंगळवारी दुसऱ्या कुणाचं झालं असतं."

ती मटकन खुर्चीत बसली आणि रडली. बाळ तिच्या खांद्यावर आपलं निवांत, मूठ चोखत. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, आणि मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"आणि आज येताय? एवढे दिवस मी आरशात तोंड बघितलं नाही. एवढे दिवस मी नवऱ्याचं ऐकून घेतलं. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"निघा इथून."

जोडीबाई उठल्या. तेवढ्यात बाळ कुरकुरलं, आणि जित्याची खोड, त्यांचे हात आपोआप पुढे झाले. "अगं बाई, उगी उगी, ये मावशीकडे..."

"मावशी नाही," आई ताडकन म्हणाली. "नातं लावू नका."

बाईंनी हात मागे घेतले. दारापर्यंत गेल्या. चपला घालताना मागून आवाज आला.

"सोमवारी त्याला मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचंय. मुलांच्या सर्जनना. तुम्ही यायचं. दर वेळी यायचं, मी पुरे म्हणेपर्यंत. मी एकटीनं बघणार नाही ते सगळं."

तेव्हापासून जोडीबाईंच्या पिशवीत एक छोटी डायरी आली. त्यात फक्त त्या बाळाच्या तारखा.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जन म्हणजे बुटक्या, चटपटीत डॉक्टरीणबाई. केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालायच्या, डोळ्यांवर भिंगं लावून. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना पाठीमागे शिंपीणबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. त्यांनी बाळाला नीट तपासलं आणि आईला कागदावर चित्र काढून समजावलं. टोकाचा एक कपचा गेलाय, तो तसाच भरेल, दिसायला थोडं वेगळं राहील, अडणार काही नाही. खरं काम खालच्या भोकाचं. मूत्राची नळी तिथे फाटून कातडीला उघडलीय. ती बंद करायची.

"मग करा ना," आई म्हणाली.

"आत्ता नाही. आत्ता तिथे सुई लावणं म्हणजे ओल्या कागदाला शिवण घालणं. टाका धरणारच नाही. सगळं मऊ होऊ दे, सूज जाऊ दे, पोरगं मोठं होऊ दे. दहा महिन्यांचा झाला की बघू. तोवर दोन धारा तर दोन धारा. त्याला कुठे लाज आहे अजून!"

दहा महिने आई आणि जोडीबाई एकाच बाकावर बसत होत्या, मध्ये पिशवी. आई बोलत नसे. बाई रांगेत उभ्या राहत, कागद आणत, लघवीच्या तपासणीची बाटली पोचवत. पहिल्या काही खेपा बाळ आईच्या मांडीवरून नुसतं टकमक बघे. मग त्याला बाईंचा अंगठा सापडला. तो पकडून तो झोपी जाई, आणि मग बाईंना तासतासभर त्याच कोनात हात धरून बसावं लागे. आई ते बघे. बाळ चांगलं गुटगुटीत होतं, म्हणून वॉर्डात त्याला गुंड्या म्हणू लागले. बाई मात्र त्याला हाक मारत नसत. नातं लावायचं नाही म्हटल्यावर हाकही जपूनच मारायला हवी.

मध्ये बाप आला, जहाजावरून, सहा आठवड्यांची रजा घेऊन. बाकावर बाईंना बघून त्यानं विचारलं, या कोण? आई म्हणाली, "या त्याच." तो लाल झाला. म्हणाला, यांना इथे बसायचा काय अधिकार? आई म्हणाली, "त्या माझ्या सांगण्यावरून येतात. तू जहाजावर असतोस. रांगेत या उभ्या राहतात." तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पण त्या रजेत त्यानं 'थांबली असतीस तर' हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही, हे जोडीबाईंना नंतर कळलं.

पहिल्या ऑपरेशनला अडीच तास लागले. बाहेर बाकावर आईनं अचानक विचारलं, "किती भाग असतात त्या क्लॅम्पला?"

बाईंनी पिशवीतून गुंड्याची दुधाची बाटली काढली. "हे बूच बघा आणि हे कडं. याच बाटलीचं असलं तर घट्ट बसतं. दुसऱ्या बाटलीचं कडं लावलं तरी बसल्यासारखंच दिसतं. दूध गळायला लागलं की मगच कळतं."

"फरक किती होता?"

"दोन मिलिमीटरही नसेल."

गणिताच्या बाईनं बूच फिरवलं, काढलं, परत लावलं. "आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं?"

"बघायला मीच होते. मला दिसत नव्हतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता चष्मा केलाय."

आईनं पहिल्यांदाच त्यांच्या चष्म्याकडे नीट पाहिलं. मग बाटली पिशवीत ठेवली.

बारा दिवस गुंड्याला लघवीसाठी रबरी नळी होती, दुहेरी लंगोटात ठिबकणारी. तो नळी ओढणार म्हणून दोघींनी पाळीपाळीनं त्याचे हात धरले. तेराव्या दिवशी नळी काढली. धार आली, चांगली सरळ आली, आणि टाक्यांच्या रेषेवर खाली एक थेंब उमटला. मग आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी भिंगं वर सरकवली आणि सरळ सांगितलं, "एका जागी टाका सुटलाय. होतं असं कधी कधी. मला आवडलेलं नाही, पण होतं. सहा महिन्यांनी परत करू. या वेळी शेजारचा पातळ पापुद्रा ओढून मध्ये एक थर देईन, म्हणजे आतली शिवण आणि बाहेरची शिवण एकमेकींवर येणार नाहीत."

खाली जिन्यात बाळाची आई जोडीबाईंवर जी तुटून पडली, ती विचारू नका. सगळं काढलं. नऊ दिवस काढले, न दिसणारे डोळे काढले, चुकलेले हात काढले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. जोडीबाई जिन्याचा कठडा धरून ऐकत राहिल्या. मध्येच म्हणाल्या ते इतकंच, "गुंड्याचं डोकं सांभाळा, कठड्याला लागेल." त्या दिवशी बसमध्ये त्या खूप रडल्या. बस नवऱ्याचीच होती. त्यानं आरशातून पाहिलं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत काही विचारलं नाही. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब मौन.

एव्हाना बाई वाफखोलीत परत आल्या होत्या. वरच्यांचं मन द्रवलं वगैरे काही नाही. त्यांच्या जागी बसवलेल्या मुलीनं दोन महिन्यांत कात्र्यांचा असा काला केला, की बाळंतपणाच्या पुडक्यात सुंतेची फिरकी निघाली. परत येताना बाईंनी तीन अटी घातल्या. जाळीच्या तीन वेगळ्या टोपल्या. प्रत्येक भागावर कोरून घेतलेले ठिपके, लहानाला एक, मधल्याला दोन, मोठ्याला तीन. आणि प्रत्येक पुडक्यावर दोन सह्या, एक त्यांची आणि एक दुसऱ्या कुणाची तरी. "माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. जिनं यादीला नावं ठेवली तीच आता यादी घेऊन मागे लागायला लागली, म्हणून वाफखोलीतल्या मुली हसल्या. हसू दे. म्हातारे डॉक्टरही कामावर परत आले. फिरकी आवळायच्या आधी ते घंटी पट्टीत बसवून हलवून बघत, आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणत, "घंटी दोन ठिपके. पट्टी दोन ठिपके." सिस्टरनं "दोन" म्हटल्याशिवाय पुढे जात नसत.

गुंड्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा तो चालत होता. चालत कसला, पळत होता. ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्या तसं पहिल्या वेळीही म्हणाल्या होत्या, तेव्हा कुणीच त्यावर भरवसा ठेवला नाही. पुन्हा नळी, पुन्हा पाळीपाळीनं हात धरणं. फक्त आता गुंड्याला बोलता येत होतं, आणि त्याचा सगळ्यात आवडता शब्द 'नाही' हा होता.

नळी काढायचा दिवस आला. नळी निघाली. आता एकच काम उरलं, गुंड्यानं शू करायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लंगोट बांधायचा नाही, मला धार बघायचीय. आणि गुंड्यानं ठरवलं, करायची नाही.

त्याला पाणी पाजलं. रस पाजला. सिस्टरनं नळ सोडून ठेवला. वॉर्डबॉयनं शीळ घातली. समोरच्या खाटेवरच्या बाळाच्या आजोबांनीही शीळ घातली, पण त्यांचे दात खाटेखाली डब्यात होते, त्यामुळे नुसता वारा निघाला. एक तास झाला. दीड झाला. आठ-दहा मोठी माणसं एका दीड वर्षाच्या पोराच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती, आणि ते पोर 'नाही' म्हणत होतं. त्याला भीती वाटत होती, दुसरं काय. गेल्या वेळी झोंबलं होतं ते त्याच्या लक्षात होतं.

 आईनं गुंड्याला उचललं आणि जोडीबाईंच्या मांडीवर ठेवलं. गुंड्यानं सवयीनं अंगठा पकडला. बाईंना त्या वेळी काय वाटत होतं ते सरळच सांगतो. खाली पुन्हा तो थेंब दिसला, तर तिसरं ऑपरेशन मी बघू शकणार नाही, असं त्यांना वाटत होतं. आणि बघावं लागलं तरी येणार, हेही त्यांना माहीत होतं.

गुंड्या त्यांच्या अंगाला टेकला, सैल झाला, आणि त्यानं धार सोडली. उंच, कमानदार, पहिल्यांदा जोडीबाईंच्या पोटावर, मग मांडीवर, मग चष्म्यावरसुद्धा. बाई हलल्या नाहीत. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या, कोरड्या कापसाची पट्टी खाली टाक्यांच्या रेषेला लावून धरली, आणि धार थांबेपर्यंत धरून ठेवली. मग पट्टी उजेडात उलटसुलट करून पाहिली. आईला दाखवली. बाईंना दाखवली.

"कोरडी," त्या म्हणाल्या. "एकच धार. पुढच्या आठवड्यात बघू, तीन महिन्यांनी बघू, मग वर्षानं. पण मी आज घरी जाऊन व्यवस्थित जेवणार."

समोरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. गुंड्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय, आणि ते खरंच होतं. बाळाची आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिनं खांद्यावरचा टॉवेल ओढून बाईंच्या तोंडावरून फिरवला.

"अरे गुंड्या, काय हे! मावशीला सगळं भिजवलंस की रे!"

म्हणून गेली, आणि थांबली. जोडीबाईंनीही ऐकलं होतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या, गरजेपेक्षा बराच वेळ.

सिस्टरनं पुढच्या तारखेचं कार्ड आणून दिलं. जोडीबाईंनी ओल्या हातानंच पिशवी उघडली आणि डायरी काढली. आईनं त्यांच्या डायरीवर हात ठेवला.

"आता पुरे. नका लिहू," ती म्हणाली. "तुम्ही यायलाच पाहिजे असं आता नाही."

"बरं," जोडीबाई म्हणाल्या.

हे ऐकायची त्यांनी दीड वर्ष वाट बघितली होती. ऐकलं, पण डायरी पिशवीत टाकवेना. गुंड्या अजून त्यांच्या मांडीवरच होता, अंगठा धरून. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"यायला पाहिजे असं नाही," त्या म्हणाल्या. "पण येऊ का?"

 आईनं डायरीवरचा हात काढला आणि गुंड्याची चड्डी शोधायला वाकली. वाकूनच म्हणाली, "सकाळी नऊला. रांग मोठी असते, जरा आधी या."

जोडीबाईंनी तारीख लिहून घेतली.